५२ सीसी ग्रास कटर, नऊ महिने वापरल्यावर: सगळं अडलं एका रबराच्या चकतीवर

मागच्या जूनला घेतलेला साईडपॅक (खांद्याला अडकवून बाजूला धरायचा), टू स्ट्रोक (पेट्रोलात तेल कालवून चालणारा), साडेनऊ हजाराला. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत त्यामुळं त्यात जात नाही. मी आजरा तालुक्यातला, दोन एकर काजू, सगळी उताराची जमीन, आणि पाऊस उघडला की रानमोडी अन् घाणेरी कमरेला लागते. आधी रान साफ करायला चार गडी दोन दिवस लागायचे आणि ते बी मिळाले तर. आता मी एकटा रोज सकाळी तीन तास, असं चार दिवसांत उरकतो. दिवाळीपर्यंत मी ह्या मशीनवर लई खूश होतो. गवताला नायलॉनची तार, रानमोडीच्या बुडख्याला तीन दातांचं पातं. पात्याजवळच्या गिअर हेडला पंचवीसेक तासांनी ग्रीस दिलं की आवाज येत नाही. हात रात्री झिणझिणतात हे खरं, पण जाड हातमोजे घातल्यावर कमी झालं. गॉगल मात्र सोडू नका, एकदा गारगोटीचा खडा उडून काचेवर बसला होता, ती चीर अजून तशीच आहे.

शेडच्या मागची पट्टी बी ह्यानंच साफ केली. तिथं आमची, म्हणजे मी, पैलवान अन् मास्तर ह्या तिघा दोस्तांची, नेमबाजीची दहा मीटरची रेंज आहे. पैलवानाकडं .१७७ (बारक्या छऱ्याची) एअर रायफल आहे, मास्तर कागदी टार्गेट आणतो, मागं फळीच्या खोक्यात जुनी गोधडी ठासलेली. रविवारी संध्याकाळी तिघं नेम धरतो, हरला त्यानं चहा करायचा. पाखरावर नळी फिरवायची नाही हा पहिला नियम. नेमबाज स्वप्नील कुसाळे आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून मास्तरचं वेड वाढलंय. दहा मीटरच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, जवळ जाऊन बघितला तर सुईनं टोचल्यासारखा. पैलवान म्हणतो, "मास्तर, तुमचा दहा कागदावर कमी अन् गोधडीवर जास्त."

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत काजू पडायच्या आधी झाडाखालचं साफ करायचं होतं, शिवाय वणव्याचे दिवस, बांधाकडंनं जाळपट्टा काढायचा होता. मशीन काढलं तर चोकवर चालू होतंय आणि चोक काढला की बंद. रेस दिली की दम तोडतंय. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, दोरी ओढून खांदा गेला. शेवटी सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथल्यानं न उघडता सांगितलं, कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग) गेला, अठराशे रुपये, आठ दिवस लागतील. मी म्हटलं उघडून तर बघा, तर म्हणे आमच्याकडं रिपेर नसतंय, बदलतो. साडेनऊ हजाराच्या मशीनला अठराशे, अन् बिघाड काय ते सांगायला बी कुणी तयार नाही. मी तसंच गाडीवर घालून परत आणलं. त्या रात्री मी एक तारा देऊन लिहायला बसलो होतो, आणि ते पोस्ट केलं नाही हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी पैलवानानं चार स्क्रू काढून कार्बोरेटर उघडला. ह्यात स्कूटरसारखा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) नसतो, म्हणून तर मशीन आडवं-तिडवं धरलं तरी चालतं. इंजिनच्या दाबाच्या ठोक्यानं एक पातळ रबरी पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो, दुसरा पडदा पेट्रोलची वाट अडवणारी सुई उघडतो. त्या दुसऱ्याच्या मधे धातूचं बारकं बटण असतं. माझा पडदा बोटानं दाबला तर वाळल्या काजूच्या पानागत कडकड वाजला. नवा आणला तो दुधावरच्या सायीसारखा लवतो. दोन्ही पडदे आणि पॅकिंगचं किट दीडशे रुपयाला. अर्ध्या तासात मशीन पहिल्या ओढीला चालू.

मग मी मत बदललं, कारण पडदा का गेला ते कळलं. दिवाळीनंतर टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवलं होतं, तीन महिने. पंपावर आता ई-२० मिळतं, शंभरात वीस भाग इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं आणि असल्या रबराला सोसत नाही. मास्तरनं मोजपात्रात करून दाखवलं: शंभर मिली पेट्रोल, दहा मिली पाणी, हलवलं आणि ठेवलं. खालचा थर दहाचा राहिला नाही, तिसाच्या आसपास गेला, कारण पाण्याबरोबर इथेनॉल बी खाली उतरलं. तुमचं टू टी ऑइल (पेट्रोलात कालवायचं ते तेल) वरच्या पेट्रोलात राहतं, आणि नळी खालनं ओढते. म्हणजे इंजिनला बिनतेलाचं जातंय! पैलवान म्हणाला, "ऊस आपण घालायचा, इथेनॉल बी आपल्याच कारखान्यात, अन् बंद पडायचं ते बी आपलंच मशीन." मास्तर म्हणाला, "मग टाकी रिकामी कर की मर्दा, ऊस कशाला बदनाम करतोस."

तेव्हा मशीनला चार तारे. पाचवा कापला तो कंपनीच्या पुस्तकासाठी, टाकी रिकामी करून ठेवा ही एक ओळ मराठीत ठळक छापायला काय जातं? विकणाऱ्यानं बी तोंडानं सांगितलं नाही. सर्व्हिसला मात्र शून्य.

आता माझी पद्धत अशी, लिटरला ४० मिली तेल (माझ्या पुस्तकात २५ ला १ आहे, तुमचं बघून घ्या), लागेल तेवढंच कालवायचं. काम झालं की उरलेलं ओतून काढायचं आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमधलं बी जळून जातं. ह्याला दोन मिनिटं लागतात. मार्चपासून असंच करतोय, काजूचं सगळं रान झालं, एकदा बी अडलं नाही. एक जादा किट डब्यात आणून ठेवलंय. घेताना जुना पडदा बरोबर न्या आणि वर ठेवून भोकं जुळवा, दिसायला सगळे सारखेच असतात पण एका भोकाचा फरक असला तरी पेट्रोल गळतं.