वाढीव मोबदल्याची केस टक्क्यावर देण्याआधी हे वाचा

यवतमाळ जिल्ह्यात बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यात आमचं पाच एकर वावर गेलं. सरकारने दिलेला भाव फारच कमी होता, म्हणून बाबांनी वाढीव मोबदल्याची केस टाकली. कोर्टाने भाव वाढवून दिला, पैसे जमाही झाले, आणि त्यातला मोठा वाटा आमच्याच वकिलाने परस्पर काढून घेतला. धरण, कालवा, महामार्ग यांत जमिनी गेलेले आणि अशाच केसेस चालू असलेले कास्तकार आमच्या भागात गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तक्रारीची चौकशी चालू आहे, त्यामुळे वकिलाचं, बँकेचं आणि ते शिकवत त्या कॉलेजचं नाव इथे देत नाही.

वकीलसाहेब आमच्याकडे स्वतःहून आले होते. बाजूच्या गावातला एक दलाल निवाड्याची यादी घेऊन फिरत होता. कुणाचा गट नंबर, किती हेक्टर, किती रक्कम मिळाली, सगळं त्याच्याजवळ लिहिलेलं. मारुतीच्या पारावर बैठक झाली. दलाल म्हणाला, "काका, तुमी कायले टेन्शन घेता? जितलो तं द्याचं, हारलो तं एक रुपया नाई." वकीलसाहेबांनी मान डोलावली. वाढलेल्या पैशातले तीस टक्के त्यांचे, बाकी आमचे.

ज्या घरात पेरणीसाठी बियाण्याचे पैसे उसने आणावे लागतात, तिथे ही बोली उपकारासारखी वाटते. आगाऊ फी नाही, पेशीचा खर्च नाही. त्यात हे वकीलसाहेब संध्याकाळी एका लॉ कॉलेजात शिकवायला जात. वकिलाने दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांची परवानगी आहे, त्यामुळे त्यात वावगं काहीच नव्हतं. पण गावात त्यांना सगळे 'सर' म्हणत. जो माणूस उद्याचे वकील घडवतो तो खोटं कशाला करेल, असा सगळ्यांचा विश्वास होता. माझं ठाम मत आहे की शिकवणाऱ्या वकिलावर जबाबदारी दुप्पट असते. त्याच्या वागण्याकडे बघूनच ती पोरं धंद्यात उतरतात.

आता ही टक्क्याची गोष्ट. आमच्याकडे ती इतकी रुळलेली आहे की कुणाला त्यात काही चूक आहे असं वाटतच नाही. पण बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचा नियम स्पष्ट आहे: केसच्या निकालावर अवलंबून राहील अशी फी वकिलाने ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही ठरवायचा नाही. १९५४ मध्येच सुप्रीम कोर्टाने वसुलीतला निम्मा वाटा लिहून घेणाऱ्या एका वकिलाला गैरवर्तनासाठी दोषी धरून निलंबित केलं होतं. २०१७ मध्ये तेलंगणातल्या एका अपघातग्रस्त कुटुंबाच्या केसमध्ये भरपाईच्या टक्क्यांवर फी मागणाऱ्या वकिलाचा दावा त्याच कोर्टाने उडवून लावला. दलाल फिरवून पक्षकार गोळा करायलाही मनाई आहे. म्हणजे पारावरच्या त्या एका बैठकीतच दोन नियम मोडले गेले होते, आणि ते मोडणाऱ्याला दोन्ही माहीत होते. आम्हाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

टक्क्याची खरी मेख हिशेबात आहे. फी ठरलेली असली तर किती दिले आणि किती राहिले हे अडाणी माणूसही सांगू शकतो. टक्का असला की एकूण किती आले हे कळल्याशिवाय आपला वाटा कळत नाही, आणि एकूण किती आले ते फक्त वकिलाला माहीत असतं.

कास्तकार हिशेब करतो तो एकरी भाव गुणिले एकर. कोर्टाचा हिशेब तसा नसतो. आमची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली गेली. त्या कायद्यात वाढीव रकमेवर ३० टक्के दिलासा रक्कम (सोलेशियम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम) मिळते. वर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे दरवर्षी १५ टक्के व्याज चढतं, आणि ते दिलासा रकमेवरही लागतं. भाव एक लाखाने वाढला असं धरा. दिलासा धरून झाले १ लाख ३० हजार. केस दहा वर्षं चालली तर व्याज १४४ टक्के, म्हणजे १ लाख ८७ हजार २००. एकूण ३ लाख १७ हजार २००. भूसंपादनाच्या अधिसूचनेपासूनचा १२ टक्क्यांचा आणखी एक घटक असतो, तो वेगळाच. नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दिलासा रक्कम १०० टक्के आहे आणि व्याजाचे दर तेच आहेत. म्हणजे मुद्दल एक आणि हातात येणारी रक्कम तिप्पट, चौपट. ही तफावत ज्याला माहीत नाही त्याला मुद्दलाएवढी रक्कम दाखवून गप्प बसवता येतं. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

निकाल आमच्या बाजूने लागला. पाटबंधारे महामंडळ अपिलात नागपूर खंडपीठात गेलं आणि अपील चालू असताना रक्कम कोर्टात जमा झाली. त्यातली अर्धी उचलायची परवानगी आम्हाला मिळाली. वकीलसाहेबांनी बाबांना जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावलं. कोर्टाला जिल्ह्याच्या बँकेतलंच खातं लागतं, असं सांगून तिथे नवं खातं उघडलं. हे खोटं होतं. बाबांचं गावच्या शाखेतलं खातं चाललं असतं. कागदांचा गठ्ठा समोर ठेवून सह्या घेतल्या. सगळे कागद इंग्रजीत, मध्येच चेकबुक. बँकेच्या नियमाने नव्या चेकबुकावर नमुना सही लागते, असं बाबांना खोटंच सांगितलं गेलं. खात्याला मोबाइल नंबर लावला तो दलालाचा.

काही दिवसांनी वकीलसाहेबांनी सांगितलं की हायकोर्टाने ५ लाख ७० हजारच सोडले. त्यातून तीस टक्के कापून ३ लाख ९९ हजार बाबांच्या गावच्या खात्यात टाकले. बाबांनी घरी पेढे वाटले.

संशय आला तो शेजारच्या कास्तकारामुळे. त्याचं आमचं वावर एकाच धुऱ्याला लागून, निवाडा एकच, वकील वेगळा. जमीन आमच्यापेक्षा कमी गेलेली आणि हातात पैसे आमच्या दुपटीच्या वर. माझी भाची अमरावतीला लॉ करते. तिने ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस शोधली. प्रत्येक केसला सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर असतो, तो टाकला की पेशीच्या तारखा आणि बरेचसे आदेश घरबसल्या दिसतात. हायकोर्टाचे आदेश त्यांच्या संकेतस्थळावर अपिलाच्या नंबराने मिळतात. तिथे परवानगीचा आदेश सापडला. बाबांना उचलायला मिळालेली रक्कम होती १२ लाख ६८ हजार ८००.

बाबा आधार कार्ड घेऊन त्या बँकेत गेले. खातेदार स्वतः समोर उभा असल्यावर उतारा नाकारता येत नाही. पूर्ण रक्कम त्या खात्यात आली होती आणि पुढच्या आठ दिवसांत तीन चेकने गेली होती. पहिल्या दोन चेकांवर 'सेल्फ', तिसरा एका अनोळखी नावावर. बाबांना जे ३ लाख ९९ हजार मिळाले ते या खात्यातून आलेच नव्हते. ते वकिलाने वेगळ्या खात्यातून पाठवले होते.

यात पैशांपेक्षाही मोठा धोका आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. रक्कम उचलताना कोर्टात हमीपत्र द्यावं लागतं: अपिलात भाव कमी झाला तर जादा उचललेले पैसे परत करीन. त्या हमीपत्रावर सही बाबांची आहे आणि रक्कम १२ लाख ६८ हजार ८०० आहे. उद्या हायकोर्टाने भाव कमी केला तर वसुली निघेल ती बाबांकडून, उरलेल्या शेतावर. बाबांनी न पाहिलेल्या पैशांसाठी. वकिलाने फक्त आमचे पैसे खाल्ले नाहीत, आमच्या राहिलेल्या सातबाऱ्यावर टांगती तलवार ठेवून दिली. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

भाचीला तिच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक नीतिमत्तेचा सक्तीचा पेपर आहे. त्यातलेच नियम तिने आम्हाला काढून दाखवले. पक्षकाराच्या वतीने रक्कम मिळाली की वकिलाने ते लवकरात लवकर त्याला कळवायला हवं. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवायला हवा आणि मागितला की द्यायला हवा. आम्ही रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, हिशेब मागणारं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. नकला विभागातून आदेशाची, हमीपत्राची आणि वकीलपत्राची प्रमाणित प्रत काढली. वकीलपत्राच्या छापील मजकुरात 'रक्कम स्वीकारण्याचा व पावती देण्याचा अधिकार' असं वाक्य होतं. ते खोडून, बाजूला सही करून वकीलपत्र देता येतं. सही करताना हे एवढं वाक्य तरी कुणाकडून वाचून घ्या.

नवा वकील मिळणं सोपं गेलं नाही. त्याच बार रूममध्ये बसणारे लोक एकमेकांविरुद्ध वकीलपत्र घ्यायला कचरतात. काहींनी तोंडावर सांगितलं, जुन्या वकिलाची ना हरकत आणा. फाइलही अडकली होती. पण पक्षकाराला वकील बदलायचा हक्क आहे, आणि फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच सांगितलेलं आहे. शेवटी एका वकीलताईंनी केस घेतली. फी किती, कोणत्या टप्प्यावर किती, हे कागदावर लिहून दिलं आणि प्रत्येक रकमेची पावती देतात. असे वकील आहेत, आणि त्या टक्केवाल्यांमुळे त्यांचंही नाव खराब होतं.

फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. सातबाऱ्यावर आईचं नाव असेल तर तिच्या नावाने अर्ज करता येतो. हे कळलं असतं तर टक्क्याच्या बोलीला होकार द्यायची वेळ कित्येक घरांवर आली नसती.

तक्रार कुठे करायची यावर आम्हाला गावात चार जणांनी चार वाटा सांगितल्या. ग्राहक आयोगाची वाट बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १४ मे २०२४ रोजी दिला. जागा आहे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार करायची. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा यादीतून नाव कायमचं काढू शकते. एक वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. पैशांची वसुली मात्र तिथून होत नाही, त्यासाठी दिवाणी दावा. आणि अपहार हा गुन्हा आहेच. आमचा व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून भारतीय दंड विधानाचं कलम ४०९, त्यानंतरच्या व्यवहाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६.

तक्रार गेल्यावर दलाल घरी आला. तीन लाख रोख घ्या आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून द्या की गैरसमज झाला होता, तक्रार मागे घेतो. बाबा थकलेले आहेत, त्यांना क्षणभर बरं वाटलं असावं. वकीलताईंनी समजावलं की तडजोड झाली किंवा तक्रारदाराने माघार घेतली एवढ्याच कारणाने बार कौन्सिलला प्रकरण बंद करता येत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे त्या स्टॅम्पपेपरने वकिलाची सुटका झाली नसती, पण बाबांची बाजू मात्र कायमची लंगडी झाली असती. दलालाला चहा दिला आणि परत पाठवलं.

सध्या तक्रार शिस्तपालन समितीपुढे आहे, पोलिसांकडचा अर्ज आर्थिक गुन्हे शाखेत आहे. नागपूरच्या अपिलात आम्ही प्रतिज्ञापत्र दाखल केलं आहे: उचललेल्या रकमेपैकी प्रत्यक्षात किती हाती आली, बाकीची कोणत्या चेकने कुठे गेली, बँकेच्या उताऱ्यासह. आमचं ऐकून पारावरच्या त्या बैठकीतले आणखी काही जण बँकेत जाऊन आले. त्यांतल्या दोघांच्या खात्याला दलालाचाच नंबर लागलेला निघाला. ज्यांच्याकडून असंच जिल्ह्याच्या ठिकाणी नवं खातं उघडून घेतलं आहे, त्यांनी पासबुक आणि आधार घेऊन स्वतः शाखेत जावं, मोबाइल नंबर बदलून घ्यावा, पहिल्या दिवसापासूनचा उतारा काढावा आणि चेकबुक हरवल्याचं लेखी देऊन उरलेले चेक थांबवावेत.