1500 तास की 200 तास? प्रादेशिक विमानसेवेतला नवा को-पायलट, अमेरिकेतला आणि भारतातला

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आल्यावर पुढे काय, या विचारात असलेल्यांनी उड्डाणाच्या तासांच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ते तास कशात गेले, हे आधी बघा.

अमेरिकेत प्रादेशिक कंपनीच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसायला साधारण 1500 तास लागतात. लष्करी वैमानिकांना 750 आणि विमानचालनाची चार वर्षांची मान्यताप्राप्त पदवी असेल तर 1000 तास पुरतात. भारतात 200 तासांचं सीपीएल आणि टाइप रेटिंग (त्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण आणि परवानगी) झालं की एटीआर या छोट्या प्रवासी विमानावर को-पायलट होता येतं. 1500 तासांची अट आपल्याकडे एटीपीएल या वरच्या लायसन्सला (अमेरिकेत त्याला एटीपी म्हणतात), म्हणजे कॅप्टन होण्याच्या वाटेवर येते.

अमेरिकेचा हा नियम कोलगन एअर या तिथल्या प्रादेशिक कंपनीच्या अपघातातून आला. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री बफेलोजवळ त्यांचं क्यू400 हे प्रवासी विमान कोसळलं आणि 50 जणांचा जीव गेला. उतरण्याच्या तयारीत वेग घटत गेला, तो दोघाही वैमानिकांच्या लक्षात आला नाही. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा देत कंट्रोल कॉलम थरथरू लागला. अशा वेळी कॉलम पुढे ढकलायचा असतो. कॅप्टनने तो मागे ओढला. मग विमानाच्या यंत्रणेने स्वतःहून नाक खाली ढकललं, तरी तो ओढतच राहिला. तपासात निघालं की क्यू400 वरची ही नाक ढकलणारी यंत्रणा कंपनीने त्याला सिम्युलेटरमध्ये कधी दाखवलीच नव्हती. आणि तास? दोघांचेही 2000 च्या वर होते!

म्हणून 2013 च्या नियमांत मला 1500 च्या आकड्यापेक्षा त्यासोबत आलेलं प्रशिक्षण मोलाचं वाटतं: एटीपीच्या परीक्षेआधी 30 तास वर्ग आणि 10 तास सिम्युलेटर. शिवाय 2019 पासून कंपनीच्या सिम्युलेटरमध्ये पूर्ण स्टॉलमधून विमान बाहेर काढण्याचा सराव सक्तीचा आहे.

1500 तास भरायला तिकडची बहुतेक मुलं सेसनासारख्या छोट्या प्रशिक्षण विमानावर इन्स्ट्रक्टर होतात. स्टॉल रोज शिकवून हात पक्का बसतो, पण दोघांनी मिळून कॉकपिट चालवायची सवय त्यातून लागत नाही. आपल्याकडचा मुलगा ती लवकर शिकतो. स्वतःच्या हाताने विमान उडवण्याचा सराव मात्र त्याला कमी मिळतो. ही उणीव टाइप रेटिंग आणि लाइन ट्रेनिंगमध्ये (प्रत्यक्ष प्रवासी फेऱ्यांवरच्या देखरेखीखालच्या सरावात) भरून निघायला हवी.

पैशांचं थोडक्यात: तिकडच्या बऱ्याच प्रादेशिक कंपन्या हा एटीपी कोर्स आणि टाइप रेटिंगचा खर्च उचलतात, आपल्याकडे तो बहुधा घरच्यांवर पडतो. पण अमेरिकेत नोकरी करण्याचा कायदेशीर हक्क नसेल तर त्याचा उपयोग नाही. तिथे शिकूनही परत यावं लागतं, डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाचे पेपर देऊन लायसन्स बदलून घ्यावं लागतं.

तो हक्क असेल तर इन्स्ट्रक्टरची वर्षं वाया गेली असं समजू नका, तो रस्ता धरा. नसेल तर गोंदिया, बारामतीसारख्या ठिकाणी शिकून इथेच राहणं शहाणपणाचं. टाइप रेटिंगचे पैसे भरण्याआधी मात्र विचारून घ्या: पूर्ण स्टॉल सिम्युलेटरमध्ये करून घेता का, क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यातलं) लँडिंग किती देता, आणि पहिले काही महिने टेक-ऑफ, लँडिंग कोणत्या कॅप्टनसोबत करू देता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे चौकशी करा.