‘वय उलटवा’ पॅकेज : नळी उत्तम, आकडा बेभरवशाचा

आधी पॅकेजमध्ये काय येतं ते सांगते. लाळेचा नमुना द्यायची नळी (जोडी पॅक घेतलं तर दोन), एनएमएन नावाच्या पूरक पदार्थाच्या कॅप्सूल, मोबाइलवरचं ॲप आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी. दावा असा की जन्मतारखेचं वय विसरा, तुमच्या शरीराचं ‘खरं’ वय आम्ही मोजू, कॅप्सूलने ते खाली आणू आणि खाली आलं हे मोजून दाखवू. कंपनीचं नाव घेत नाही. याच धाटणीची पॅकेजेस बरेच जण विकतात आणि मला जे खटकलं ते त्या धाटणीतच आहे.

नोकरीभर मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. त्यामुळे कोणी कौतुकाने आकडा दाखवला की माझ्या तोंडून पहिल्यांदा निघतं, ‘रिपीट लावलं होतं का?’ म्हणजे तोच नमुना पुन्हा तपासला होता का. लेकीने हे पॅकेज हौसेने मागवलं. म्हणाली, “आई, जन्मभर लोकांचे रिपोर्ट काढलेस, आता तुझा बघू.”

नळीला पैकीच्या पैकी मार्क. तोंड रुंद, नरसाळं घट्ट बसतं, बारकोड नीट चिकटवलेला. झाकण फिरवलं की त्यातलं निळं द्रावण लाळेत उतरतं आणि डीएनए टिकून राहतो. रेषेपर्यंत द्रव हवा, फेस धरायचा नाही, हे चित्र काढून सांगितलंय. आमच्याकडे थुंकीचा नमुना आणणाऱ्या निम्म्या लोकांना हे कळायचं नाही. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, तोंड कोरडं पडलं तर गाल बाहेरून चोळायचे, असंही लिहिलंय. सूचना लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी नळी भरलेली असणार.

लाळेतून वय कसं कळतं? आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल गटाच्या बारीक खुणा असतात. वय वाढतं तशा त्या काही जागी वाढतात, काही जागी पुसल्या जातात. संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली अशा ३५३ जागा निवडून वयाचा अंदाज बांधणारं सूत्र मांडलं. रक्त, मेंदू, यकृत, कुठलाही नमुना द्या, अंदाज साधारण साडेतीन वर्षांच्या फरकाने जमतो. काम खरोखर थोर आहे. पण ते सूत्र जन्मतारखेचं वय ओळखायला शिकवलेलं होतं, आणि ते मला जन्मदाखल्यावरूनही कळतं. अशा सूत्रांना वयाची घड्याळं म्हणतात. म्हणून २०१८ आणि २०१९ मध्ये पुढची घड्याळं आली, फीनोएज आणि ग्रिमएज. ती आजार आणि मृत्यूचा धोका बघून बेतलेली आहेत. हजारो लोकांच्या गटात कोणाला धोका जास्त हे ती बऱ्यापैकी सांगतात. एकट्या बाईच्या एका नळीवरून किती सांगतात, ते मला बघायचं होतं.

संधी आयती मिळाली. आमच्या ह्यांनी दुसऱ्या नळीत थुंकायला साफ नकार दिला. “माझं वय गुडघे रोज सांगतात,” म्हणाले. मग एकाच बैठकीत दोन्ही नळ्या मीच भरल्या आणि दुसरी त्यांच्या नावाने नोंदवली. लिंग पुरुष टाकलं, जन्मतारीख मात्र माझीच, कारण काही घड्याळं वय आणि लिंग आधीच हिशेबात धरतात. निदान वयामुळे तरी फरक पडायला नको.

जन्मतारखेने मी ५८ वर्षांची. माझ्या नावाचा रिपोर्ट आला ५१.८, ह्यांच्या नावाचा ५६.४. तोंड एक, वेळ एक, खोकं एक, आणि तफावत साडेचार वर्षांच्या वर. स्त्री-पुरुष म्हणून सूत्रात थोडंफार इकडेतिकडे होईल हे धरलं तरी ही फार झाली. लॅबमध्ये हिमोग्लोबिनच्या डुप्लिकेटमध्ये त्या मानाने एवढा फरक आला असता तर मशीन थांबवून कॅलिब्रेशन तपासलं असतं. इथे दोन्ही रिपोर्टवर एक दशांश स्थळ छापलंय. त्या .८ आणि .४ वर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

मला जास्त झोंबलं ते पुढे. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यातलं एक बंद ठेवलेलं असतं. ते बंद ठेवण्यात ह्याच मिथाइल खुणांचा मोठा हात असतो. म्हणजे नमुना बाईचा की पुरुषाचा हे ह्या तपासणीत आपसूक दिसतं, आणि नमुन्यांची अदलाबदल पकडायला चांगल्या प्रयोगशाळा ते मुद्दाम बघतात. कंपनी म्हणते, आम्ही साडेआठ लाख जागा वाचतो. मग त्यातलं एक्स गुणसूत्र कोणी वाचलं की नाही? ‘अभिनंदन सर, तुम्ही तुमच्या वयाच्या पुरुषांपेक्षा तरुण आहात!’ असा निरोप आला. ह्यांनी तो भावाला पाठवला, ते वेगळंच.

हा गोंधळ एका कंपनीपुरता नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकच नमुना दोनदा लावून सहा नावाजलेली घड्याळं तपासली होती. दोन वाचनांत कमाल ९ वर्षांपर्यंत फरक निघाला. त्याच संशोधकांनी आकडेमोडीची पद्धत बदलून हा फरक बराच आवाक्यात आणला, म्हणजे उपाय आहे. माझ्या पॅकेजने तो वापरलाय का, हे रिपोर्टमध्ये कुठेच नाही. चुकीची मर्यादाच छापलेली नाही. अधिक-उणे किती, हे लिहिल्याशिवाय आमच्या साहेबांनी कुठल्याच नव्या तपासणीला हात लावू दिला नसता.

आता कॅप्सूल. एनएमएनपासून शरीर एनएडी बनवतं, पेशीला ऊर्जेच्या कामात लागणारा रेणू. वयाबरोबर बऱ्याच ऊतींमध्ये तो कमी होताना दिसलाय, तेव्हा कल्पना अगदीच हवेत नाही. २०२१ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात माणसांवरची एक चाचणी आली. रजोनिवृत्तीनंतरच्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ स्त्रिया, रोज २५० मिलिग्रॅम, १० आठवडे. स्नायूंचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. चांगली गोष्ट आहे, पण ती स्नायूंची आणि साखरेची आहे, आयुष्य वाढण्याची नाही. आयुष्य वाढतं का हे बघायला अमेरिकेत एक सरकारी कार्यक्रम आहे, ज्यात तोच पदार्थ तीन वेगवेगळ्या केंद्रांत उंदरांना देतात. एनएमएनचंच भावंड असलेलं निकोटिनमाइड रायबोसाइड तिथे आयुष्य वाढवू शकलं नाही. एके काळी डोक्यावर घेतलेलं, द्राक्षांत सापडणारं रेसव्हेराट्रॉलही नाही.

त्याच कार्यक्रमात जे चाललं ते रॅपामायसिन. २००९ साली, ६०० दिवसांच्या, म्हणजे चांगल्याच उतारवयातल्या उंदरांना ते सुरू केलं तरीही माद्यांचं कमाल आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून आलं. आमच्या लॅबमध्ये ते सिरोलिमस या नावाने यायचं. किडनी बदललेल्या पेशंटच्या रक्तातली पातळी आम्ही काढायचो, कारण कमी पडलं तर शरीर किडनी नाकारतं आणि जास्त झालं तर तोंडात फोड येतात, कोलेस्टेरॉल चढतं, जंतुसंसर्ग होतो. उंदरांत सगळ्यात पक्का पुरावा ज्या औषधाचा, ते असं नाजूक हाताने द्यावं लागतं. आणि जे खोक्यात घालून घरपोच मिळतं त्याच्या मागे पुरावा पातळ. ही गोष्ट माहितीपत्रकात येणार नाही, मी समजू शकते.

माहितीपत्रकात जे आलंय त्यावर मात्र माझा आक्षेप आहे. पानभर जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांची गोष्ट आहे. २००६ साली त्यांनी चार जनुकं वापरून उंदराच्या प्रौढ पेशीला पुन्हा मूळपेशीसारखं (जिच्यापासून कुठलीही पेशी बनू शकते तसं) केलं, २०१२ चं नोबेल मिळालं, सगळं खरं. २०१६ साली लवकर म्हातारपण येणाऱ्या उंदरांमध्ये हीच जनुकं थोड्या थोड्या वेळापुरती चालू करून त्यांचं आयुष्य वाढवलं, २०२० साली त्यातली तीन वापरून उंदरांची गेलेली दृष्टी काही प्रमाणात परत आणली, हेही खरं. वय उलटवण्याच्या बाबतीत मला खरी आशा वाटते ती इथे. जनुकं जास्त वेळ चालू राहिली की पेशी आपली ओळख विसरते आणि गाठी होतात, म्हणून माणसापर्यंत यायला ते सावकाशच येणार. पण त्या पानाच्या शेजारी कॅप्सूलच्या बाटलीचा फोटो कशाला? बाटलीत त्यातलं एकही जनुक नाही. शेवटच्या पानावर ‘१५० वर्षांचं आयुष्य’ आहे. जान कालमाँ नावाची फ्रेंच बाई १२२ वर्षं १६४ दिवस जगून १९९७ साली गेली, त्यानंतर आजतागायत तिच्यापर्यंत पोचल्याची खात्रीशीर नोंद नाही. तेवढं त्या पानावर बसलं असतं.

कॅप्सूल मी नेमाने घेतल्या. त्रास काही झाला नाही, फायदा जाणवला नाही. दुसरा रिपोर्ट आला ४८.३. ॲपवर रंगीत कागद उडाले, ‘तुम्ही साडेतीन वर्षांनी तरुण झालात’. लेक खूश. मी तिला पहिल्या दिवसाचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवले. कॅप्सूलच्या आधीच, एका बैठकीत, मी ह्याहून जास्त ‘म्हातारी’ झाले होते.

शिवाय पहिल्या नमुन्याच्या वेळी माझ्या हिरड्या सुजलेल्या होत्या. लाळेत गालाच्या पेशी आणि पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात आणि हिरड्या सुजल्या की पांढऱ्या वाढतात. दोन्ही पेशींवरच्या खुणा वेगळ्या, तेव्हा मिश्रण बदललं की आकडाही हलू शकतो. मध्यंतरी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन साफसफाई करून आले. त्या साडेतीन वर्षांतलं काही श्रेय त्यांचंही असेल.

घड्याळं एकमेकांशी जुळतातच असंही नाही. अमेरिकेतल्या कॅलरी नावाच्या चाचणीत माणसांनी दोन वर्षं कमी खाल्लं (ठरवलं होतं २५ टक्के कमी, जमलं सुमारे १२). वय वाढण्याचा वेग मोजणारं एक घड्याळ २ ते ३ टक्क्यांनी मंदावलं. फीनोएज आणि ग्रिमएज जागचे हलले नाहीत. ह्यातलं ‘खरं वय’ कोणतं समजायचं? माझ्या रिपोर्टमध्ये कुठलं घड्याळ वापरलंय त्याचं नावसुद्धा नाही, ‘आमचं खास सूत्र’ एवढंच.

घेणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. ॲपमध्ये ‘माझी माहिती भागीदारांना द्या’ ह्यावर आधीच टिक केलेली असते. सेटिंग्जमध्ये तिसऱ्या पानावर आहे, तिथे जाऊन काढा. आणि कॅप्सूलचं सभासदत्व आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायला ईमेलच लागतो. तो मात्र त्यांनी दोन दिवसांत मान्य केला, कटकट केली नाही.

पाचपैकी दीड तारा देते. त्यातला एक नळीचा.

ग्राहक सेवेला मी सगळं सविस्तर लिहिलं, ‘सरां’च्या रिपोर्टसकट. त्यांनी दिलगिरी कळवली आणि मोफत तिसरी तपासणी देऊ केली. मी उत्तर दिलं : तिसरी नको, आहे त्याच नळीतला उरलेला नमुना दोनदा लावा आणि दोन्ही आकडे पाठवा. त्यावर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलंय.