डीआर पॅनल आठ महिने वापरल्यावर: हललेले एक्स-रे थांबले का?

आमच्या ३०० एमएच्या (एमए म्हणजे ट्यूबमधला करंट, मिलिअँपिअरमध्ये) जुन्या एक्स-रे मशीनला आठ महिन्यांपूर्वी १४ बाय १७ इंचांचं वायरलेस डीआर पॅनल जोडलं, म्हणजे एक्स-रे थेट संगणकावर दाखवणारी डिजिटल पाटी. विकणारा म्हणाला होता, आता पेशंट हलल्याने एक्स-रे पुसट येण्याची कटकटच संपली. पहिल्याच आठवड्यात दोन वर्षांच्या एका मुलाची छाती घेतली, तर डायफ्रामची (छाती आणि पोटामधल्या पडद्याची) कड पार पुसलेली. सॉफ्टवेअरने कडा गडद करून चित्र चकचकीत केलं, पण हललेलं ते हललेलंच. उलट अशा चकचकीत चित्राने डॉक्टर फसण्याची मला जास्त भीती वाटते.

खरा फरक पडला तो वेळ कमी केल्यावर. आधीच्या सीआर कॅसेटवर (ती वेगळ्या रीडरमध्ये घालून वाचावी लागते) लहान मुलांची छाती मी सवयीने छोट्या फोकसवर (फोकस म्हणजे ट्यूबमध्ये किरणं निघतात तो ठिपका), ५० एमए आणि ०.०८ सेकंदाला घ्यायचे, म्हणजे ४ एमएएस (एमए गुणिले सेकंद, किरणांचं एकूण प्रमाण). या पॅनलला २ पुरतात. म्हणून आता जास्त एमए झेपणारा मोठा फोकस, २०० एमए, ०.०१ सेकंद. वेळ आठपट कमी! मोठ्या फोकसने कडा किंचित मऊ होतात, पण छाती पॅनलला टेकलेली असल्यामुळे ते जाणवत नाही. नजर मुलाच्या पोटावर ठेवायची आणि रडता रडता त्याने श्वास आत ओढला की बटण दाबायचं.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळंच. "श्वास घ्या, रोखा" म्हणून बटण अर्धं दाबलं की रोटर (ट्यूबमधला फिरणारा भाग) घर्र करतो आणि आजी दचकून श्वास सोडतात. आता मी तो आवाज आधी एकदा ऐकवते, "आजी, असा आवाज येईल, घाबरायचं नाही हं." मग "श्वास घ्या" म्हणतानाच अर्धं बटण दाबते, "रोखा" म्हणेपर्यंत रोटर तयार असतो.

कमरेचा लॅटरल (बाजूने घेतलेला एक्स-रे) अजूनही छळतो. ६० एमएएस म्हणजे २०० एमएवर ०.३ सेकंद, आणि कंबर धरलेल्या माणसाला कुशीवर तेवढंही जड जातं. तिथे पाठीमागे फोमची पाचर आणि गुडघ्यांमध्ये उशीच कामाला येते.

पॅनलचं सगळ्यात आवडलेलं म्हणजे काही सेकंदांत चित्र समोर येतं. मी झूम करून हाडातली जाळी नीट दिसते का ते पाहते, मगच पेशंटला टेबलावरून उतरवते.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. एक्स्पोजर फार कमी असलं की पॅनलला कधीकधी ते कळतच नाही. दोनदा असं झालं, मुलांना विनाकारण किरणं लागली आणि चित्र आलंच नाही. माझा जीव कळवळला. जनरेटरशी जोडणारी सिंक केबल लावल्यापासून पुन्हा झालेलं नाही. ती केबल किमतीत धरली आहे का, हे पॅनल घेण्याआधीच विचारून घ्या.