व्हे प्रोटीनचा डबा: वजन उतरवणाऱ्याच्या किती कामाचा?

तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये आणि जिमच्या काउंटरवर आता प्रोटीनचे डबे ओळीनं लागलेले दिसतात. वजन कमी करायचं आहे असं सांगूनही बरेचदा हातात पडतो तो तीन किलोचा सगळ्यात मोठा डबा, कारण किलोमागे तोच स्वस्त दिसतो. त्यावर ‘मास गेनर’ किंवा ‘वेट गेनर’ लिहिलेलं असतं, आणि तो खरोखरच वजन वाढवण्यासाठी बनवलेला असतो. त्यात निम्म्याहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन असतं. ही स्टार्चपासून केलेली, साखरेइतकीच झटकन पचणारी पावडर. अशा 100 ग्रॅममध्ये 370 ते 400 कॅलरी आणि प्रोटीन बहुतेकदा 15-20 ग्रॅम. वजन उतरवणाऱ्यानं हा डबा घरात आणूच नये.

इथे पारखला आहे तो व्हे कॉन्सन्ट्रेटचा एक किलोचा साधा डबा. दूध फाडून पनीर किंवा चीज केलं की जे निवळ पाणी उरतं, त्यातलं प्रोटीन म्हणजे व्हे. दुधातल्या एकूण प्रोटीनचा हा साधारण पाचवा हिस्सा. ते पाणी गाळून, आटवून, सुकवलं की पावडर तयार. हे औषध नाही आणि स्टेरॉइडही नाही. चरबी जाळायची ताकद मात्र त्यात अजिबात नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. त्याची कामं दोनच: जेवण कमी केल्यावर भूक आवरणं आणि उतरणाऱ्या वजनात स्नायू कमी जाऊ देणं. दुसरं काम व्हायचं तर आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर, वजन उचलणं असं काही करावं लागतं. वावरात कापूस वेचून दमायला होतं, पण स्नायूंवर तसा जोर पडत नाही.

डबा घेताना मागची बाजू वाचायची. ‘प्रति 100 ग्रॅम’च्या रकान्यात प्रोटीन 70 ग्रॅमच्या वर हवं आणि कार्बोहायड्रेट 10 च्या आत. चांगल्या डब्यात 33 ग्रॅमच्या चमच्यातून 24 ग्रॅम प्रोटीन आणि 130 च्या आसपास कॅलरी मिळतात. काही डब्यांवर 100 ग्रॅमचा रकाना बारीक छापून ‘एका सर्व्हिंगमध्ये’ मोठा आकडा देतात आणि सर्व्हिंग असते दोन चमच्यांची. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन ही नावं वेगळी दिसली तर तो डबा ठेवून द्यावा. प्रोटीन मोजतात नायट्रोजनवरून. हे स्वस्त पदार्थ मिसळले की नायट्रोजन वाढतं, कागदावर प्रोटीनही वाढतं, अंगाला मात्र ते मिळत नाही. ही लबाडी घरी ओळखता येत नाही. स्टार्चची भेसळ थोडीफार ओळखता येते: बिनरंगाची पावडर पाण्यात कालवून आयोडीनचा थेंब टाकला आणि निळं-काळं झालं, तर त्यात पीठ आहे. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र या चाचणीतून सुटू शकतं.

आता खरा प्रश्न. हेच प्रोटीन घरच्या खाण्यातून का नाही? 24 ग्रॅम प्रोटीनसाठी फुटाणे खाल्ले तर 110 ग्रॅम लागतात, म्हणजे 400 कॅलरी. फल्लीदाण्यातून (शेंगदाण्यातून) तेवढंच घ्यायचं तर साडेपाचशे. तुरीच्या डाळीतून पावणेचारशेच्या पुढे. चार उकडलेली अंडी, 290. डब्याचा चमचा 130. डब्याची किंमत आहे ती एवढ्याचसाठी, कमी कॅलरीत प्रोटीन. अंड्याचा नुसता पांढरा भाग घेतला तर सात अंड्यांत 25 ग्रॅम प्रोटीन आणि 120 कॅलरी, म्हणजे डब्याच्या तोडीस तोड.

आणि सोया वडी. 50 ग्रॅम कोरड्या वडीत 26 ग्रॅम प्रोटीन, 170 कॅलरी. 2400 रुपयांचा डबा धरला तर त्यातलं एक ग्रॅम प्रोटीन तीन रुपयांच्या वर पडतं. किराण्यातली 150 रुपये किलोची वडी धरली तर 30 पैशाला. जेवणाबरोबर खाणाऱ्याला आमच्या मते डब्याआधी वडीच. लोकांना ती नको वाटते ती वासामुळे आणि पोटात वायू धरतो म्हणून, आणि दोन्हींचं कारण घाईनं केलेला रस्सा. मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाण्यात दोनदा धुऊन दरवेळी हातानं घट्ट पिळायची. वायू करणाऱ्या शर्करांचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. मग एक चमचा तेलात लसूण, मिरची, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. सावजी रश्श्यात सोडली तर वडी स्पंजासारखं तेल पिते आणि कॅलरीचा हिशेब तिथेच बुडतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवावं.

घरचं सोयाबीन कच्चंच दळणात टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीनचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो. दाणे वीस मिनिटं उकळून, कडक वाळवून, भाजून मगच दळावेत, नऊ भाग ज्वारीला एक भाग. पेरणीतून उरलेलं थैलीतलं बियाणं कधीच नाही. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही.

डब्यावर लिहिलेलं असतं ‘दुधात घ्या’. म्हशीचं पाव लिटर दूध म्हणजे अडीचशे कॅलरी. त्यात एक केळ आणि दोन चमचे साखर गेली की 130 चा चमचा पाचशेवर जातो, अडीच भाकरींच्या बरोबरीला. शिवाय जेवण नेहमीचंच. वजन वाढतं ते असं, आणि बोल लागतो पावडरला. वजन उतरवायचं तर पाणी किंवा पातळ ताक, बस्स. बिनचवीची पावडर जिरं-मीठ घातलेल्या ताकात उत्तम लागते आणि उन्हाळ्यात तीच सोयीची.

किती घ्यायची? वजन 85 आणि पोहोचायचं 70 वर, तर हिशेब 70 नं करायचा. किलोला 1.2 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दिवसाला 84. ज्वारीच्या चार भाकरी 24 ग्रॅम देतात, दोन वाट्या वरण 13, पेलाभर दूध किंवा दही 7, भाजी चार-पाच. बेरीज पन्नासच्या आत. तूट 35 ची. त्यात एक चमचा व्हे किंवा 50 ग्रॅम वडी, आणि वरून मूठभर फुटाणे किंवा तेल न ओतलेलं चून (पिठलं). एवढ्यात भागतं. दोन-तीन चमच्यांची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहारसूचनांत तर प्रोटीनच्या पावडरी टाळायलाच सांगितलंय. अंडी, डाळ, वडी, दही नियमित जमत असेल तर तो सल्ला सरळ मानावा. डबा उपयोगी पडतो तो सकाळी सहाला घर सोडून चहा-बिस्किटावर किंवा आलूपोह्यांवर दिवस काढणाऱ्याला. तर्रीतले चणे सोडले तर त्या प्लेटमध्ये प्रोटीन नावापुरतंच. त्या प्लेटच्या जागी चमचा घ्यायचा, तिच्या जोडीला नाही.

कालवताना आधी पाणी, मग पावडर. उलट केलं तर तळाशी गोळे बसतात. उकळत्या दुधात किंवा चहात टाकली की व्हे फाटतं. डब्यातला चमचा शिगोशीग दाबून भरला तर 33 चे 40 ग्रॅम होतात, म्हणून पहिल्या दिवशी काट्यावर तोलून खूण करून ठेवावी. पोट गुडगुडलं तर आधी दूध बंद करून बघा: पेलाभर दुधात नऊ-दहा ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर) असतं, पावडरीच्या चमच्यात दोन-तीन. तरीही त्रास राहिला तर आयसोलेट, म्हणजे आणखी गाळून लॅक्टोज जवळपास काढून टाकलेलं व्हे, पण त्याचे पैसे जास्त.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या खोलीत डबा ठेवला तर पावडर पिवळी पडते, ढेकळं धरते, वास बदलतो. अशी पावडर फेकावी. माठाजवळची, चुलीपासून लांबची, सावलीतली जागा बरी. आतली ओल शोषणारी छोटी पुडी काढू नये आणि ओला चमचा घालू नये. कालवलेलं तासाभरात संपवावं.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, किडनीच्या तक्रारी जुन्या आहेत. तिथल्या माणसानं डबा उघडण्याआधी ग्रामीण रुग्णालयात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि लघवी तपासून घ्यावी. दोन्ही ठीक असेल तर एका चमच्याची सहसा भीती नाही. किडनीचा आजार, मुतखडा, युरिक ॲसिड, गरोदरपण, सिकलसेल यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण तोडून चमच्यावर राहिलं तर साखर एकदम खाली येऊ शकते.

बिल घ्या, सील आणि 14 आकडी परवाना नंबर पाहा, बाहेरदेशचा माल असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता हवाच. प्लास्टिकच्या थैलीत सुटी मिळणारी पावडर घेऊ नका. एक डबा साधारण 30 दिवस पुरतो. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, वजन आणि बेंबीपाशी कंबर मोजून लिहून ठेवा. कंबर हलली नसेल तर दुसरा डबा घेऊ नका, भाकरी आणि तेल मोजा.