खानावळीतल्या उपकरणांची विद्युत सुरक्षा तपासणी : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घ्यावी का, तर जरूर घ्यावी. फक्त उपकरणावर चिकटवतात त्या ‘पास’च्या स्टिकरसाठी घेऊ नये. आमची खानावळ आणि मागच्या राहायच्या खोल्या देवबागात, एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. इथे लोखंड गंजायला पाऊस लागत नाही, वारा पुरतो. मे महिन्याची गर्दी ओसरल्यावर एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून सगळी उपकरणं तपासून घेतली. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तपासणाऱ्या मुलाने मीटर बाहेर काढलाच नाही. नुसत्या वायरी चाचपत आणि प्लग उघडत फिरला. मला वाटलं, पैसे घेऊन हा बघत काय बसलाय! पण निम्म्याहून जास्त दोष तिथेच सापडले. वाटणाच्या मिक्सरच्या प्लगमध्ये अर्थची हिरवी वायर स्क्रूखालून निसटून मोकळी पडली होती, आणि पितळी पिनांच्या मुळाशी हिरवट थर धरला होता. टेबलफॅनची तिसरी पिन कोणीतरी मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसवलेला.

मग मीटर. तीन पिनांच्या, धातूच्या अंगाच्या उपकरणाला मुख्य चाचण्या दोन. अंगापासून अर्थच्या पिनेपर्यंतचा रोध मोजायचा. वायरचा सोडून तो ०.१ ओहमच्या आत हवा. दुसरी, ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन बघायचं. ते किमान १ मेगाओहम. स्पाइक बोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक मालाला मात्र थेट ५०० व्होल्ट लावायचे नसतात. आतल्या सर्ज रोखणाऱ्या भागांमुळे आकडा खोटाच कमी येतो. आमच्या मुलाला हे माहीत होतं. तुमच्याकडे येईल त्याला आधी विचारून घ्या.

आता फ्रीजर. मासे ठेवायच्या फ्रीजरबद्दल आमच्या स्वयंपाकघरात नियमच होता, ‘चपला घालून धर गो, चावता तो.’ मी गृहीत धरलं होतं की हा नापास होणार. झाला पास, दोन्ही चाचण्यांत! दोष सॉकेटात होता. भिंतीतून अर्थची वायर नीट आलेली, पण बाहेर जिथे ती जमिनीत जाणाऱ्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीला जोडली होती, तिथे पट्टी गंजून हातात तुकडा आला. उपकरणातून विजेची थोडी गळती नेहमीच होत असते. तिला जमिनीत जायला वाट नसली की ती हात लावणाऱ्यातून जाते. पट्टी आणि जोड बदलल्यापासून फ्रीजर चावत नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. दरपत्रकात फक्त ‘उपकरणं’ होती. सॉकेट, अर्थिंग आणि आरसीसीबी (गळती वाढली की पडून वीज तोडणारा स्विच) यांचे पैसे वेगळे, आणि ते मी विचारल्यावर कळलं. फ्रीजरला पास लिहून तो मुलगा निघून गेला असता तर कागद खरा ठरला असता आणि चपलांचा नियमही तसाच राहिला असता.

माझ्या मेव्हण्याचं काजू युनिट वर सड्यावर, जांभ्यात. त्याचं दुखणं उलट. आमच्या ओल्या, खारट वाळूत अर्थिंगचा रोध छान कमी येतो पण धातू टिकत नाही. त्याच्याकडे धातू टिकतो पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून रोध वाढतो. समजा अर्थिंगचा रोध २० ओहम आला. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ११.५ अँपिअर वाहणार, म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच) पडणारच नाही आणि मशीनचं अंग जिवंत राहील. अशा वेळी वाचवतो तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. त्याचं टेस्ट बटण दाबून फक्त आतली यंत्रणा हलते की नाही एवढंच कळतं. किती वेळात पडतो ते मीटरवरच. ३० मिलीअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा.

आमचा आरसीसीबी पावसात सारखा पडायचा आणि आधीच्या वायरमनने ‘काढून टाकूया’ असा सल्ला दिला होता. या मंडळींनी प्रत्येक उपकरणाची गळती मोजून दाखवली. एकटं कोणीच दोषी नव्हतं, सगळ्यांची मिळून बेरीज होत होती. स्वयंपाकघर आणि खोल्या दोन आरसीसीबींवर वेगळ्या केल्या. या एका कामाचे पैसे वसूल.

श्रावणात पुन्हा बोलावलं, कारण जूनचे आकडे जूनचेच असतात. बंद खोल्यांतले दोन गीझर इन्सुलेशनमध्ये नापास निघाले. मुलाने घाई केली नाही. हीटरच्या कांडीत भरलेली पूड दमट हवेतलं पाणी ओढते, म्हणाला. टाकीत पाणी भरलेलं आहे ना ते बघून, कोणाला हात लावू न देता एक गीझर थोडा वेळ तापवला, वीज तोडून पुन्हा मोजलं, तर आकडा मर्यादेच्या वर. दुसरा गीझर तापवूनही वर येईना, तो बदलला. दिवाळीत खोल्या उघडण्याआधी हे पुन्हा करणार आहे.

स्टिकर मात्र भंगार. स्वयंपाकघरातल्या वाफेने आणि तेलाने गणपतीपर्यंत निम्मे गळाले, उरलेल्यांवरची तारीख उडाली. आता प्लास्टिकच्या पट्ट्या वायरीला बांधून मार्करने नंबर घातलेत. अहवालही आधी इंग्रजीत आणि नुसता ‘पास-नापास’ आला. आकडे मागितल्यावर पाठवले, तेही कुरकुरत. आकडे हवेतच, पंधरा मेगाओहमचं उपकरण पुढच्या वेळी दोनवर आलं तर ‘पास’ वाचून काय समजणार? आणि तपासणी वर्षातून एकदाच करायची असते हेही कायद्यातून आलेलं नाही. ज्या ब्रिटनमधून ही स्टिकरची पद्धत आली, तिथेही मुदत ठरवलेली नाही. वापर आणि जागा बघून ठरवतात.

विहिरीवरचा पंप अजून जमलेला नाही. मोटर ठीक आहे, पण जमिनीखालच्या केबलचं इन्सुलेशन दर वेळी थोडं खाली येतंय. ठेकेदार म्हणतो जोड उघडून पुन्हा बांधू. मी म्हणतो अखंड नवी केबल पाइपातून टाक. दर ठरतोय.