आपलाच माणूस म्हणाला, आणि मी पैसे पाठवले

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिकवते. म्हादई आपल्या तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात तिची मांडवी होते, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. ते पाणी समुद्राला मिळतं तिथली खाडी, कांदळवन आणि मुख्य म्हणजे कुंभारजुवे कालव्यातल्या मगरी एकदा डोळ्यांनी बघायच्या होत्या. हा कालवा मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडतो. आपल्याकडची मगर गोड्या पाण्यातली, पण इथे ती भरती-ओहोटीच्या निमखाऱ्या पाण्यात राहते, याचं मला फार अप्रूप होतं. बरोबर यायला कुणालाच वेळ नव्हता, म्हणून जानेवारीत एकटीच जायचं ठरवलं.

इंटरनेटवर एक नंबर सापडला. सुरुवातीला तो माणूस हिंदीत बोलत होता. मी खानापूरची म्हटल्यावर लगेच आपल्या बोलीवर आला. "खानापूरच्या काय ओ अक्का तुम्ही? मग आपलंच माणूस की! बिनधास्त या." इथे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवसभर कानडीत कागद भरायचे, कानडीत विचारायचं, आणि मग परमुलखात कुणी 'अक्का' म्हणून हाक मारली की मन मोकळं होतं. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. मी त्याला जे चार प्रश्न विचारायला हवे होते, ते त्या एका हाकेनंतर विचारलेच नाहीत.

तो म्हणाला, एकटीला सगळी बोट परवडणार नाही, पुण्याचं चौघांचं एक कुटुंब आहे, त्यांच्यात बसवतो. माणशी २,२०० रुपये. शिवाय वनखात्याच्या परवानगीचे ८००. मगर दिसणारच, गॅरंटी. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर भलत्याच कुणाचं नाव आलं. "भाच्याचं खातं आहे ओ," म्हणाला. मी ३,००० रुपये पाठवले. थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेली परवानगीची एक पावती आली.

जांबोटीला बस पकडून चोर्ला घाटातून पणजीला गेले, रात्री मुक्काम केला. बोट सकाळची ठरली होती. सकाळी फोन आला, आता दुपारी दोनला या. कालव्याच्या काठी एका छोट्या धक्क्यावर पोचले, तर तिथे एक बोट आणि एक पोरगा. पुण्याचे लोक कुठे आहेत विचारलं, तर म्हणे त्यांनी रद्द केलं. आता पूर्ण बोटीचे आणखी २,५०० द्या, नाहीतर परत जा, आधीचे पैसे मिळणार नाहीत. फोन लावला, तर तो 'आपला माणूस' उचलेना. आसपास दुसरं कुणी नाही, इतक्या लांबून आलेली, आणि रिकाम्या हाताने घरी गेले तर सगळे म्हणणार, सांगितलं होतं एकटी जाऊ नकोस. मी पैसे दिले. एकट्या माणसाला असंच अडवतात. पुण्याचं कुटुंब मुळात नव्हतंच, हे मला आता कळतं.

बोट चाळीस मिनिटं फिरली. कांदळवनाची श्वासमुळं चिखलातून भाल्यांसारखी वर आलेली असतात, असं मी मुलांना शिकवते. तिथे एकही दिसत नव्हतं. पाणी थेट झाडांच्या पानांना टेकलं होतं. पोराने लांबवर हात केला, "ती बघा मगर." मी भराभर फोटो काढले. रात्री खोलीवर तो फोटो मोठा करून पाहिला. लाकडाचा ओंडका होता, त्याला कालवं चिकटलेली आणि एका टोकाला निळ्या नायलॉनच्या दोरीची गाठ.

धक्क्यावर परत आले तेव्हा एक म्हातारी मासळीची पाटी घेऊन उभी होती. मगर दिसली का, म्हणून तिने विचारलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "बाय, आतां भरती न्हय? मानगें पळोवपाक सुकती जाय." कोकणीत सुकती म्हणजे ओहोटी. ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो आणि मगरी त्यावर ऊन खायला येतात. भरतीत ती जागाच पाण्याखाली जाते. भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोन-दोनदा येते आणि वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. वेळापत्रक आधीच मिळतं, ते पाहिलं असतं तर दुपारी दोनची बोट म्हणजे काय ते मला निघण्याआधीच कळलं असतं. बोट ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा, त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे? गॅरंटी देणारा तिथेच अडखळेल.

दुसऱ्या दिवशी रायबंदरहून चोडण बेटावर गेले. तिथे सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली जाहीर झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या चौकीवर माझी पावती दाखवली. ती खोटी होती. अभयारण्याचं तिकीट तिथेच काढायचं असतं, आणि माझी बोट तर अभयारण्याच्या वाटेलाही गेली नव्हती.

मी त्या 'आपल्या माणसा'कडे पैसे परत मागितले. तो लगेच तयार झाला, गोड बोलला, एक क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करा अक्का, पिन घाला, पैसे जमा होतील." मी पिन घातला आणि ४,८०० रुपये गेले. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो देताना लागतो. घरातल्या मोठ्यांनाही हे आजच सांगा.

मी लाजेने दोन दिवस गप्प बसले, आणि तीच माझी सगळ्यात मोठी चूक. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक देशभर एकच आहे. ताबडतोब फोन केला तर पैसे वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. मी केला तोवर ते पुढे गेले होते. ओळखीच्या एकाने सांगितलं की गुन्हा गोव्यात घडला, तिकडे जावं लागेल. तसं नाही. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. माझी तक्रार नोंदवलेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका बाईंनी त्यांच्या भावाला आलेली गोव्याच्या बोटीची जाहिरात दाखवली. नंबर नवा, नाव नवं, आणि फोटो माझा. त्या पोराने निघताना काढून दिला होता. बोटीत एकटीच बसलेली बाई, अंगात नारिंगी जॅकेट, त्याचा हूक तुटलेला म्हणून वरून हिरव्या ओढणीने बांधलेलं. खाली लिहिलंय, 'बेळगावच्या अक्कांना तीन मगरी दिसल्या.' हा फोटो तुम्हाला आला तर पैसे पाठवू नका. त्या बाईला एकही मगर दिसली नव्हती.